होडीच्या रेझिनमधील नॅनोकण

१ जून ते ३१ जुलै या काळात गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि बेतूलपासून शापोऱ्यापर्यंत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या फायबरच्या होड्यांची डागडुजी सुरू होते. एखाद्या होडीचा तळ जवळून पाहिला, तर त्यावर मुगाएवढे फोड आलेले दिसतात. वरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, शाबूत असला, तरी पाणी रेणूरेणूने आत झिरपते, रेझिनमधील (काचतंतूंना जोडून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकमधील) विरघळणाऱ्या घटकांपाशी साठते आणि दाब वाढला की आवरण फुगते. काचतंतू ताकद देतात. पाणी थोपवण्याचे काम मात्र रेझिनचे आहे, आणि नॅनोफिलरचा, म्हणजे रेझिनमध्ये मिसळायच्या अतिसूक्ष्म कणांचा, उपयोग होऊ शकतो तो इथेच.

मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या पापुद्र्याची जाडी जेमतेम एक नॅनोमीटर, रुंदी मात्र त्याच्या शेकडो पट असते. असे पापुद्रे रेझिनमध्ये सुटे पसरले, की पाण्याला प्रत्येकाला वळसा घालत जावे लागते आणि झिरपणे मंदावते. १९८०च्या दशकात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉन-६ मध्ये ही माती पाच टक्क्यांहूनही कमी मिसळली. नायलॉनचा ताठरपणा जवळपास दुप्पट झाला आणि भाराखाली ते ज्या तापमानाला वाकू लागते, ते सुमारे ६५ अंश सेल्सिअसवरून १४० अंशांच्या पुढे गेले. एवढ्या थोड्या मातीने हे साधते, कारण पूर्ण सुट्या झालेल्या एका ग्रॅम मातीचा पृष्ठभाग सातशे चौरस मीटरांच्या आसपास भरतो आणि प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्या त्याला जागोजागी बांधल्या जातात.

खरी कसोटी हे पापुद्रे सुटे करण्याची आहे. माती पाण्याकडे ओढ घेणारी आणि रेझिन पाण्यापासून दूर राहणारे, म्हणून तिच्यावर आधी सेंद्रिय अमोनियम क्षारांची प्रक्रिया करून मग जोरकस घुसळण करावी लागते. हे नीट झाले नाही तर गुठळ्या राहतात, आणि गुठळी म्हणजे तडा सुरू होण्याची जागा. असे मिश्रण वापरण्यापेक्षा साधे रेझिन बरे, हे आम्ही ठामपणे सांगू. शिवाय फिलर वाढला की रेझिन घट्ट होते, ब्रश आणि रोलरने लावताना काचेच्या मॅटमध्ये मुरत नाही आणि आत हवेचे बुडबुडे अडकतात. ताठरपणा वाढताना ताणले जाण्याची क्षमताही बहुधा घटते, आणि जेटीवर आदळणाऱ्या होडीच्या बाबतीत ही उणीव गंभीर आहे. तिथे रबराचे किंवा सिलिकाचे नॅनोकण अधिक योग्य ठरतात, कारण ते तडा पुढे सरकण्यास विरोध करतात.