माझ्या लाडक्या फोटोंत समुद्र नाही

(परदेशातल्या गोमंतकीयांच्या मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात पडद्यावर छायाचित्रं दाखवत केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित.)

नमस्कार मंडळी.

गोव्यात फोटो काढून पोट भरणाऱ्या माणसाकडे सगळ्यात जास्त मागणी असते ती समुद्राची. सूर्यास्त, माड, किनाऱ्याला ओढलेली होडी. हे फोटो मी काढतो आणि मन लावून काढतो. पण तुमच्या अध्यक्षांनी सांगितलं की तुमचे स्वतःचे लाडके फोटो दाखवा, आणि निवडायला बसलो तर हाताला लागले ते सगळे फोंडा, डिचोली, तिसवाडीच्या गावांतले. एकातही समुद्र नाही. बरं, उत्सवातले फोटो आहेत, पण ऐन रंगात आलेला उत्सवही त्यांत नाही. कुणी काही बांधतंय, कुणी चिकटवतंय, कुणी लिंपतंय. कामात बुडालेल्या माणसाला कॅमेऱ्यासाठी चेहरा करायला सवड नसते. मला तोच चेहरा हवा असतो.

हा माशेलचा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात चिखलकालो खेळतात. देव मूळचे चोडण बेटावरचे, पोर्तुगीज काळात आधी मयेला आणि मग माशेलला आले. देवळातलं भजन आटोपलं की बाप्ये आणि पोरं अंगाला तेल चोपडून पावसात उतरतात. चिखलात लोळणाऱ्यांचे फोटो तुम्ही वर्तमानपत्रांत पाहिले असतील. माझा त्याआधीचा आहे. आजोबा नातवाच्या पाठीला तेल लावताहेत. पोराचा एक पाय केव्हाच मैदानाकडे निघालाय आणि आजोबांचा पंजा त्याच्या खांद्यावर घट्ट आहे. आभाळ भरलेलं होतं. अशा काळपट दृश्यात कॅमेऱ्याचं मीटर सगळं उजळ करायला बघतं, म्हणून मी एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवलं. देऊळ जवळजवळ अंधारात गेलं, पण त्या पाठीवरची तेलाची चकाकी तशीच राहिली.

पुढचा साखळीचा. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत दिव्यांनी सजवलेल्या नौका सोडतात, त्यांची स्पर्धा असते. रात्री नदीकाठी पाय ठेवायला जागा नसते आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो. मी दुपारी गेलो होतो. अंगणात नौकेचा उघडा सांगाडा आहे, भोवती तिघे भाऊ, धाकट्याने दातांत सुतळी धरलीय. बस, एवढंच.

आता हा फोटो जरा वेळ पडद्यावर राहू द्या. देवळाच्या अग्रशाळेतला, म्हणजे आवारातल्या भाविकांच्या उतरायच्या जागेतला आहे. आपल्याकडे जत्रेला, काल्याला गावची माणसं स्वतः मराठी नाटक उभं करतात, आणि गाव पहाटेपर्यंत बसून ते बघतं. दीनानाथ मंगेशकर १९०० साली मंगेशीला जन्मले, ते याच हवेत. हे जे राजे दिसताहेत ते दिवसा एका कचेरीत कारकून होते. तोंडाला रंग लागलाय, स्पिरिट गमने मिशी चिकटवून झालीय, डोक्यावर मुकुट चढलाय. आणि नाकावर वाचायचा चष्मा, हातात संवादांच्या नकलेचं चुरगळलेलं पान. तिसरी घंटा व्हायची होती. डोक्यावर एकच पिवळा बल्ब. फ्लॅश वापरला असता तर रंगभूषा सपाट झाली असती आणि त्यांची तंद्रीही मोडली असती. श्वास रोखून, भिंतीला कोपर टेकवून मंद शटरवर काढला. ओठ किंचित हललेत, कारण ते स्वगत पुटपुटत होते. ते हललेले ओठ मला फार मोलाचे वाटतात.

ते गृहस्थ आता नाहीत. वर्षश्राद्धाच्या जाहिरातीसाठी त्यांच्या मुलीने हाच फोटो मागितला. नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हणालं, मुकुटातला फोटो कसा द्यायचा, साधा शर्टातला द्या. ती म्हणाली, 'बाबा असेच होते.' वर्तमानपत्रात तो मुकुटासकट आणि चष्म्यासकट छापून आला. मला आजवर मिळालेली सगळ्यात मोठी दाद ती.

हा मानशीचा फोटो आजवर कुणी विकत मागितलेला नाही. खाजन शेतं तुम्हाला माहीत असतील: नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली जमीन, तिच्यात पावसाळ्यात खारं सोसणारा कोरगुट भात. बांधात लाकडी झडपांचं दार असतं, ती मानस. भरती आली की पाण्याच्या रेट्याने झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. त्या वाहत्या पाण्यात जाळं लावून मासळी धरतात. कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बांधाला बिळं केली आणि ती वेळेवर बुजवली नाहीत, तर पूर्ण शेत खारट होतं. फोटोतला माणूस कमरेभर चिखलात उभा राहून एक बीळ हाताने लिंपतोय. हे काम चुकलं तर भात नाही, आणि बघायला मात्र कुणी येत नाही. मला हे सलतं. म्हणून हा फोटो मी प्रत्येक ठिकाणी दाखवतो.

आणि ही माटोळी. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं, फुलं, पानं बांधतात. कला आणि संस्कृती खात्यातर्फे माटोळीची स्पर्धासुद्धा असते, तिथल्या आराशी डोळे दिपवणाऱ्या. पण हा फोटो सत्तरीजवळच्या एका साध्या घरातला आहे, चवथीच्या आदल्या संध्याकाळी काढलेला. वीज गेली होती. दारातून येणारा पावसाळी उजेड तेवढा आहे. स्टुलावर मुलगा उभा, खाली त्याची आजी, मध्ये केवणीच्या सालीचा दोर. दोराचं एक टोक आजीच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलंय, ताण राहावा म्हणून. तो अंगठा बघा. नख झिजलंय, सालीचा चीक लागून काळं पडलंय. फोकस मी तिथेच धरलाय. कवंडाळाची लालभडक रानफळं मागे धूसर झालीत.

बांधता बांधता आजी प्रत्येक वस्तूचं नाव घेत होती. आंबाडे, तोरिंग, कांगलां, घागऱ्या, करमलां, सुपारीचं शिपटं. कोणतं रानाच्या कुठल्या अंगाला मिळतं, कोणतं यंदा उशिरा धरलं, हे सगळं. घागऱ्यांची वाळलेली शेंग तिने माझ्या कानाशी नेऊन वाजवली. नातवाला निम्मी नावं येत होती. प्रिंट काढल्यावर मी तो घेऊन पुन्हा त्या घरी गेलो आणि एकेका फळावर बोट ठेवून नावं विचारली. ती सगळी प्रिंटच्या पाठीमागे लिहिलीत. पुढच्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली होती. नातवाने तो प्रिंट उलटा धरून, यादी वाचत माटोळी बांधली.

म्हणून मंडळाला एक विनंती आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ट्रंकेत, कपाटात गोव्यातले जुने फोटो असतील. लग्नातले, मुंजीतले, स्टुडिओत पडद्यापुढे उभं राहून काढलेले, अंगणातले. पुढच्या मेळाव्याला प्रत्येक घराने एक फोटो आणावा. त्याच्या पाठीमागे माणसांची नावं, गाव आणि तिथे काय चाललं होतं ते लिहावं. बॉलपेन वापरू नका, दाबाने पुढच्या बाजूला वळ उठतो. मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. नावं आठवत नसतील तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच फोन लावा. गोव्यात आत्ता रात्र झाली असेल तर उद्या सकाळी. मंडळाने ते स्कॅन करून ठेवले, तर ज्यांची ओळख पटणार नाही ते माझ्याकडे पाठवा. मी त्या त्या गावी प्रिंट घेऊन जाईन आणि विचारून येईन.