वेळेत पाडलेल्या फटी

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर फिरणारं बोट, अगदी जवळून]

या काचेवर एक थर आहे. दिसत नाही. इंडियम टिन ऑक्साइडचा. पारदर्शक असूनही वीज वाहून नेतो, म्हणून टचस्क्रीनला तो हवाच. २०२३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या शास्त्रज्ञांनी याच पदार्थाच्या, जेमतेम ४० नॅनोमीटर जाडीच्या थरावर एक प्रयोग केला.

[दृश्य: पाण्यात शिरणारा लाल लेसर]

लाल किरण पाण्यात शिरला की त्याचा वेग घटतो, तरंगलांबी आखडते. रंग मात्र बदलत नाही. सेकंदाला जितके तरंग पृष्ठभागावर येतात, तितकेच पुढे जातात. मधे साठून राहायला जागाच नसते.

आता समजा, किरण आत असतानाच सगळंच्या सगळं पाणी एका क्षणात दुसऱ्याच पदार्थात बदललं. सीमा आली, पण ती जागेत नव्हे, काळात. बदल सगळीकडे एकदमच झाला, त्यामुळे तरंगलांबी आहे तेवढीच राहते. वेग मात्र बदललाय. मग बदलते ती वारंवारता, म्हणजे रंगच! ऊर्जाही कमीजास्त होते. ती येते-जाते पदार्थ बदलणाऱ्याकडून. फुकट काही नाही.

[दृश्य: दोन फटी, पडद्यावर पट्टे]

थॉमस यंग यांचा दोन फटींचा प्रयोग विज्ञान शाखेत बारावीला घोकलेला असतो: दोन फटींतून आलेला प्रकाश पडद्यावर उजळ-काळे पट्टे उमटवतो. इम्पीरियलमध्ये रिकार्डो सापिएन्झा यांच्या गटाने फटी पाडल्या त्या जागेत नव्हे, वेळेत. लेसरचा स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत, पडला की थर क्षणभर आरशासारखा चकाकतो आणि मंदावतो. पाठोपाठ दुसरा स्पंद, पुन्हा तेच. थरावर सोडलेला वेगळा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश या दोन क्षणांत परतला. त्यात पट्टे उमटले, पण पडद्यावर नव्हे, वर्णपटात, म्हणजे वारंवारतांच्या मांडणीत. मूळ प्रकाशात नसलेल्या वारंवारता त्यात होत्या. आणि दोन क्षण जितके जवळ, तितके पट्टे एकमेकांपासून लांब.

खरी गंमत पुढेच आहे. पट्टे अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. याचा अर्थ, फटीची कड फार तीक्ष्ण होती. थर बदलायला १ ते १० फेम्टोसेकंदच लागले होते. सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग करा, त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद.

[दृश्य: धातूची नागमोडी पट्टी, तिच्यावर इलेक्ट्रॉनिक स्विच]

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत रेडिओ तरंग काळातल्या अशा सीमेवरून चक्क मागे फिरवले गेले. संदेशाचा शेवट आधी परत आला, सुरुवात नंतर. दृश्य प्रकाशात हे करणं अवघड, कारण त्याचं एक आवर्तन दोनेक फेम्टोसेकंदांत संपतं. पदार्थ तेवढ्या वेळात बदलायला हवा, आणि तोही भरपूर.