गच्चीचा हिशेब

(दृश्य: आयर्विन पूल, खाली कृष्णा)

सांगलीत मोठा गृहप्रकल्प आखायचा तर नकाशावर पहिली रेघ नदी मारते. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्यामुळे आधी निळी (साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा नकाशावर उतरवायची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकाम नाही. दोन्ही रेषांच्या मधे जोतं लाल रेषेच्या किमान 45 सेंटिमीटर वर हवं. मधला पट्टा बागेला आणि मैदानाला सोडलेलाच बरा.

(दृश्य: गच्ची, टाकीची सावली पॅनेलवर सरकते आहे)

खरं गणित फसतं ते गच्चीवर. मजले ठरतात, फ्लॅटचं बुकिंग होतं आणि सोलरची आठवण सगळ्यांत शेवटी येते. 1 किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट मोकळं ऊन लागतं. वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. समजा, गच्ची 5,000 चौरस फूट आहे. जिना, लिफ्टची खोली, टाक्या आणि त्यांची सावली वजा करून निम्मी उरते. म्हणजे 25 किलोवॉट, दिवसाला 100 युनिट. मजल्यावर चार फ्लॅट आणि फ्लॅटमागे रोज पाच युनिट धरले, तर पाच मजल्यांचं भागतं. बारा मजल्यांना 240 युनिट लागतात, गच्ची मात्र तेवढीच. त्यातच सोलर बंबांनाही जागा तिथेच हवी. म्हणून मजले ठरवतानाच हा हिशेब मांडायला हवा.

तळमजल्यावर दुकानं, दवाखाना, बँक असेल तर दुपारची वीज जागच्या जागी खपते. टाक्या भरायचे पंपही दुपारीच लावावेत.

पॅनेलच्या सांगाड्याचे पेडस्टल, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्यायचे. नंतर ड्रिल मारलं, की पावसाळ्यात वरच्या मजल्याचं छत गळालंच म्हणून समजा. गच्चीवर नळ हवाच. गळीत हंगामात कारखान्याजवळ काळी राख पॅनेलवर बसते. धुवायचं ते सकाळी, काच थंड असताना. बोअरचं क्षाराचं पाणी मारलं तर पांढरे डाग धरतात.

(दृश्य: पार्किंगमधली मीटरची खोली)

मीटर, ट्रान्सफॉर्मर, इन्व्हर्टर यांतलं काहीही लाल रेषेच्या खाली नको. आणखी एक गोष्ट फ्लॅट घेणाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगावी: ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःहून बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय असते. त्यामुळे पुरात महावितरणचा पुरवठा थांबला, तर लख्ख उन्हातही घरात अंधार राहतो. निदान एक पंप, एक लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड बंद असतानाही चालणारा) वेगळा ठेवावा. 5 एचपीचा पंप तासाला चार-साडेचार युनिट घेतो, पण सुरू होताना कितीतरी पट जास्त करंट ओढतो. त्याला व्हीएफडी (मोटर हळूहळू वेग घेत सुरू करणारं यंत्र) लावला नाही, तर 5 किलोवॉटचा इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि टाकी रिकामीच राहते.