मोटर घुंघुं करायलीय, उत्तर कुठल्या मेनूत?

बेळगावचं उद्यमबाग. खाली फाउंड्रीतनं पंप आणि व्हॉल्व्हचं कास्टिंग निघतंय, पण आज आपण माडीवर जाऊया, जिथं एका पंप कंपनीची पोरं-पोरी हेडफोन लावून बसल्यात. फोन खानापूरचा, हुक्केरीचा, चिकोडीचा, मधेच पलीकडं चंदगडचा, एक मराठीतनं तर लगेच दुसरा कन्नडातनं.

ऐका.

"ताई, मोटर नुसती घुंघुं करायलीय, फिरंना झालीय."

"काका, आधी स्टार्टर बंद करा बघू. तशीच चालू ठेवलासा तर वाइंडिंग जळतंय."

आता ह्याचं उत्तर कंपनीच्या मदतीच्या साइटवर आहे बरं का, फोटोसकट, नीट लिहिलेलं. काकांनी साइट उघडली पण होती. समोर काय आलं तर प्रॉडक्ट, टेक्निकल, सर्व्हिस, डाउनलोड. म्हणजे कंपनीत जसे विभाग तसा मेनू. आणि लेख होता टेक्निकलमध्ये, त्यात इलेक्ट्रिकल, त्यात कपॅसिटर. अहो, कपॅसिटर गेलाय की तीनपैकी एक फेज गेलाय हेच तर त्या माणसाला माहीत नाही, तेच शोधायला तो आलाय! उत्तर आधी माहीत असेल तरच उत्तर सापडणार, अशी रचना उसाच्या फडात एका हातात मोबाईल धरून उभ्या असलेल्या माणसाच्या काय कामाची?

म्हणून मेनूची सुरुवात लक्षणापासून पाहिजे. मोटर चालू होत नाही. फिरतीय पण पाणी येत नाही. स्टार्टर सारखा ट्रिप होतोय. शेतकरी असंच बोलतो, वायरमन पण असंच बोलतो.

पण ही नावं ऑफिसात बसून ठरवायची नाहीत. नेहमी येणारे प्रश्न एकेका कार्डावर लिहायचे, डीलर, वायरमन, शेतकरी ह्यांच्यापुढं ठेवायचे आणि म्हणायचं, लावा गठ्ठे तुम्हाला पटतील तसे आणि नावं पण तुम्हीच द्या. ह्याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. त्यातनं जो मेनू निघेल तो नुसता, रंग नाही चित्र नाही सर्चचा डबा नाही, असा दुसऱ्या लोकांना दाखवायचा आणि विचारायचं, ह्याचं उत्तर कुठं असंल? हे ट्री टेस्टिंग. पहिलं बोट कुठं पडतंय तिकडं लक्ष ठेवा, पहिलंच वळण चुकलं की पुढं पोचणं लई अवघड होतं.

"तीन क्लिकात उत्तर मिळालंच पाहिजे" असा एक नियम सगळीकडं सांगतात. २००३ मध्ये वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या जोशुआ पोर्टर यांनी वापराचा डेटा तपासून दाखवलं, लोक तीन क्लिकनंतर काय कंटाळून सोडून जात नाहीत. पुढच्या पायरीला आपलं उत्तर आहे असा अंदाज येत राहिला तर माणूस पुढं जातो. झेरॉक्स कंपनीच्या "पार्क" ह्या संशोधन केंद्रातल्या पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधात हाच अंदाज "माहितीचा वास" म्हणून मांडलाय. त्यामुळं "इतर" आणि "सामान्य माहिती" असली नावं आधी काढून टाका, त्यांना कसलाच वास नाही.

एकच लेख दोन-तीन दारांतनं मिळाला तरी चालतं, मिळालाच पाहिजे. लक्षणावरनं मिळू दे, मॉडेलवरनं पण मिळू दे. एका वस्तूकडं वेगवेगळ्या अंगांनी बघून वर्गीकरण करायची ही पद्धत ग्रंथालयवाल्या रंगनाथन यांनी १९३३ मध्येच मांडली, आणि १९६२ मध्ये आपल्या बेंगळुरूतच त्यांनी कागदपत्रं-माहिती नीट लावून ठेवायच्या शास्त्राचं (डॉक्युमेंटेशनचं) संशोधन केंद्र काढलं. "वाचकाचा वेळ वाचवा" हा नियम त्यांचाच.

आता सर्च. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, मोटरला, मोटरचा, मोटरीत. साधा सर्च "मोटर" शोधतो आणि बाकीचं सोडून देतो, वर कोण मोटार लिहितं, कोण इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतं. हे सगळे प्रकार सर्चला शिकवायला लागतात, आणि काहीच न सापडलेल्या शोधांची यादी दर आठवड्याला कोणीतरी बसून वाचायला लागते, कारण पुढचा लेख काय लिहायचा ते त्या यादीतच असतं.

आपल्या सीमाभागात एक गोष्ट जास्तीची. कन्नड-मराठीचं बटण. ते दाबल्यावर तोच लेख दुसऱ्या भाषेत उघडला पाहिजे. बऱ्याच साइटवर माणूस परत पहिल्या पानावर फेकला जातो, आणि ज्याला ही अडचण येते त्यानं ते बटण मुळात नीट समजावं म्हणूनच दाबलेलं असतं, ह्याचा मला खरंच राग येतो.

बरेच लोक गूगलवरनं थेट लेखावरच उतरतात, पहिलं पान बघतच नाहीत. म्हणून प्रत्येक लेखाच्या वर आपण कुठं आहोत ती वाट, आणि खाली "एवढं करून पण फिरंना झाली तर" असा पुढचा लेख, शेवटी फोन नंबर.

आणि रचना बदलताना जुन्या लिंका मारू नका. त्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपात फिरत असतात, डीलरनी वॉरंटी कार्डावर छापलेल्या असतात. जुनी लिंक दाबली की नवीन जागचा तोच लेख उघडलाच पाहिजे.