साडेबारा सेंट

मंडळी, गुंतवणुकीवरचं व्याख्यान म्हटलं की आकडे आलेच. मी आज एकाच आकड्यापासून सुरुवात करतो : साडेबारा सेंट.

साल १९६४. अमेरिकेत न्यू बेडफर्डला बर्कशायर हॅथवे नावाची कापड कंपनी होती. एकेक गिरणी बंद पडत चालली होती. गुंतवणूकदार वॉरन बफे तिचे शेअर्स साडेसात डॉलरपासून घेत होते. हिशेब सरळ होता. शेअरमागे नुसतं खेळतं भांडवलच (देणी वजा जाता हातात उरणारा पैसा आणि माल) दहा डॉलरच्या वर, म्हणजे माल किमतीपेक्षा स्वस्त. गिरणी विकली की कंपनी त्या पैशातून आपलेच शेअर्स परत घ्यायची. कंपनीचे प्रमुख सीबरी स्टॅन्टन यांच्याशी बफेंचं आपले शेअर्स साडेअकरा डॉलरला कंपनीला परत विकायचं तोंडी ठरलं. मग भागधारकांना पत्र आलं, त्यात भाव होता ११.३७५. साडेबारा सेंट कमी.

बफे भडकले. विकायचं सोडून आणखी घेत सुटले आणि १९६५ मध्ये कंपनीच ताब्यात घेतली. स्टॅन्टन गेले, पण बफेंच्या गळ्यात पडला तो खंगत चाललेला कापडधंदा. तो वीस वर्षं ओढून १९८५ मध्ये त्यांनी बंद केला. शब्द फिरवणारा माणूस त्यांनी अचूक ओळखला होता. चूक झाली ती रागाच्या भरात त्याचा धंदा घेण्याची, आणि ती त्यांनी पुढे स्वतः लिहून कबूल केली.

स्वस्त भाव वाईट धंद्याला चांगला करत नाही, हे बफेंच्या मनावर ठसवलं ते त्यांचे भागीदार चार्ली मंगर यांनी. १९७२ मध्ये दोघांनी सीज कँडीज ही मिठाईची कंपनी अडीच कोटी डॉलरला घेतली. धंद्यात गुंतलेलं भांडवल होतं जेमतेम ८० लाख, म्हणजे जुन्या हिशेबानं सौदा महागच. पण गिऱ्हाइकाचा त्या चॉकलेटांवर जीव होता. २००७ पर्यंत त्या कंपनीनं करापूर्वी एकूण १३५ कोटी डॉलर नफा मिळवून दिला.

आता मला खरं ज्यांच्याबद्दल बोलायचंय, त्या रोझ ब्लमकिन. आजच्या बेलारूसमधल्या मिन्स्कजवळच्या खेड्यात जन्म, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हतं. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहा शहरात एका तळघरात ५०० डॉलरवर त्यांनी फर्निचरचं दुकान थाटलं. स्वस्त विका आणि खरं बोला, एवढंच त्यांचं सूत्र. १९८३ मध्ये बफेंनी त्या दुकानातला मोठा हिस्सा घेतला. करार पानभराच्या जरा पुढे गेला असेल. मालाची मोजदाद नाही, हिशेबतपासणी नाही. का? कारण बफे त्याच गावात राहत होते आणि बाईंचा व्यवहार वर्षानुवर्षं पाहत होते. तो विश्वास डोळे मिटून टाकलेला नव्हता, हे कृपा करून लक्षात घ्या.

तुम्हा-आम्हाला असं शेजारी राहून पाहता येत नाही. म्हणून मी वार्षिक अहवाल हातात आला की नफ्याच्या पानावर आधी जात नाही. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभी करून चालवणाऱ्यांनी, नातेवाइकांच्या कंपन्यांशी काय व्यवहार केले, स्वतःचे किती शेअर्स तारण ठेवले, लेखापरीक्षक मुदतीआधीच सोडून गेला का, हे पाहतो. पाच वर्षांपूर्वीचा अहवाल काढून त्यातली आश्वासनं आजच्या अहवालाशी ताडून पाहतो. कंटाळवाणं काम आहे, पण साडेबारा सेंट तिथेच सापडतात. आणि एकदा सापडले की भाव कितीही खाली येवो, मी तो शेअर घेत नाही.

ब्लमकिनबाईंची गोष्ट मात्र अजून संपली नाही. १९८९ मध्ये, पंचाण्णव वर्षांच्या असताना, नातवांशी बिनसलं आणि त्यांनी रस्त्यापलीकडेच स्वतःचं नवं दुकान काढलं. चाललंही जोरात! १९८३ च्या करारात, स्पर्धा करणार नाही, असं कलमच नव्हतं. एकोणनव्वद वर्षांच्या बाईंकडून ते लिहून घ्यायला हवं, हे कुणाच्या ध्यानात येणार? १९९२ मध्ये समेट झाला, बफेंनी तेही दुकान घेतलं, आणि या वेळी ते कलम लिहून घेतलं. बाई तेव्हा शंभरीच्या उंबरठ्यावर होत्या, आणि कामावर येतच होत्या.