रात्रीची धडधड आणि दिवसाचा ईसीजी

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि श्रोतेहो,

मध्यरात्री छातीत धडधडून जाग आल्यास काय करावे, असा विषय निमंत्रणपत्रिकेवर छापलेला आहे आणि त्याचे उत्तर ऐकण्यासाठी आपण बेळगावचा हा पाऊस अंगावर घेत येथवर आला आहात, याची मला जाणीव आहे. ते उत्तर मी देणार आहे. परंतु त्याआधी माझी एक जुनी तक्रार आपल्या कानावर घालू द्यावी, कारण ती समजल्याशिवाय उत्तर उपयोगाचे होणार नाही. तक्रार अशी आहे की आपल्याकडे रात्रीच्या आजाराची तपासणी दिवसा होते, ती साहजिकच नॉर्मल येते, आणि मग ज्याचा जीव रात्री खरोखर घाबरा झाला होता त्याला "टेन्शन घेऊ नका" असे सांगून घरी पाठवले जाते.

एक नेहमीची रात्र पाहा. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचे एखादे घर आहे. घरातला पन्नाशीचा माणूस साडेदहाला झोपतो आणि साडेबाराच्या सुमारास दचकून उठून बसतो. छाती फुटेल असे वाटते, बाहेर गारठा असूनही अंगाला घाम सुटतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि आता आपण वाचत नाही याची त्याला पक्की खात्री पटते. "छातीत डवडव करूलंय गे," एवढेच तो म्हणतो आणि सारे घर जागे होते. कोणी ओवा देतो, कोणी गॅसची गोळी शोधतो, आजी यल्लम्माचा भंडारा कपाळाला लावते. मग शेजारची जीप मिळवून, चिखलातून आणि घाटातल्या वळणांवरून गाडी बेळगावात पोहोचते तोवर दीड-दोन तास उलटलेले असतात. आता पॅनिक अ‍ॅटॅकचे, म्हणजे अशा अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याचे, गणित लक्षात घ्या. तो बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. म्हणजे ज्या क्षणी ईसीजीच्या तारा छातीला लागतात, त्या क्षणी दाखवण्याजोगे काहीही उरलेले नसते. घरच्यांना वाटते, माणूस उगीच घाबरला. माणसाला वाटते, यंत्राला आपला आजार सापडला नाही. आणि पुढच्या आठवड्यात तीच जीप, तोच घाट.

ईसीजीवर माझा राग नाही. ज्या आइंटहोवेन यांनी ते तंत्र उभे केले त्यांना 1924 साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते योग्यच होते. परंतु नेहमीच्या ईसीजीच्या कागदावर सुमारे दहा सेकंदांची नोंद असते, आणि आपले हृदय दिवसरात्रीत साधारण एक लाख ठोके देते. त्या दहा सेकंदांत हृदय कसे वागले एवढेच तो कागद सांगतो. रात्री साडेबाराला ते कसे वागले हे सांगण्याची जबाबदारी त्याने कधी घेतलेलीच नाही. त्यासाठी होल्टर नावाचे यंत्र आहे, जे चोवीस तास किंवा त्याहून जास्त काळ छातीला बांधून ठेवता येते. पण धडधड पंधरवड्यातून एकदा होत असेल तर होल्टर बांधलेल्या रात्रीच ती होईल याचा भरवसा नाही. सीमाप्रश्नाच्या तारखा अनुभवलेल्या आपल्यासारख्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता उलट बाजू सांगतो आणि येथे थोडा वेळ घेणार आहे. निपाणीकडच्या एका तंबाखू पिकवणाऱ्या कुटुंबातील, पंचेचाळिशीच्या आसपासच्या एका बाईंना रात्री धडधडून जाग येत असे. उठून बसल्या, खिडकीशी गेल्या की थोडे बरे वाटे. आडव्या झाल्या की पुन्हा जीव घाबरा. त्यांची तपासणी दोन ठिकाणी झाली होती. दोन्ही वेळा दिवसा, दोन्ही वेळा ठोके नियमित. एका ठिकाणी पाळी जाण्याचे वय आहे असे सांगितले गेले, दुसऱ्या ठिकाणी टेन्शन; आणि सुनेशी पटत नाही का, असेही बाईंना विचारण्यात आले. गंमत अशी की पुढचे सगळे त्या सुनेनेच केले. दहावीपर्यंत शिकलेली ती मुलगी रात्री सासूबाई उठल्या की त्यांचे मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसे आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवी. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत रिपोर्टांची जाडजूड फाईल होती; ती मी बाजूला ठेवली आणि वही उघडली. पहिल्या नोंदींत आकडे होते, 118, 130, 124. मग एका रात्रीची नोंद अशी होती: "मोजताच येत नाही. मध्येच पळते, मध्येच थांबते."

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय पूर्ण विस्कटून ठोके अनियमित पडणे, याचे याहून चांगले वर्णन मी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांकडूनही ऐकलेले नाही. बाईंना डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोप लावला आणि जो आवाज ऐकू यायला हवा होता तो आला. आधीच्या गर्दीत कोणी छातीला स्टेथोस्कोप लावला होता की नाही, ते मी विचारले नाही. लहानपणी सांधे सुजून महिनाभर अंथरुणावर होता का, एवढे विचारले, होत्या. त्या वेळच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची मिट्रल झडप पुढच्या वर्षांत हळूहळू अरुंद झाली होती आणि इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ते स्पष्ट दिसले. अशा हृदयात लय बिघडली की रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याची भीती असते, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि नंतर फुग्याने झडप रुंद करण्यात आली. टेन्शन म्हणून आणखी वर्षभर ढकलले असते तर कदाचित अर्धांगवायू घेऊनच त्या आल्या असत्या.

जांबोटीचा तो माणूस आणि निपाणीच्या या बाई यांची कहाणी दिवसा अगदी सारखी ऐकू येते. दोघेही म्हणतात, रात्री धडधडून जाग येते. फरक फक्त रात्री दिसतो, आणि रात्री तेथे डॉक्टर नसतो, घरचा माणूस असतो. म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येक घरात निदान एकाला नाडी मोजता आली पाहिजे. मी वात-पित्त-कफाच्या नाडीपरीक्षेविषयी बोलत नाही. वैद्यांनी काळजी करू नये. मी केवळ मोजण्याविषयी बोलतो आहे.

आत्ताच करून पाहू. डावा तळहात वर करा आणि उजव्या हाताची पहिली तीन बोटे अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला हलकेच टेकवा. अंगठा वापरू नका, त्याला स्वतःचा ठोका असतो. जोरात दाबू नका. तिसऱ्या रांगेतले काका मनगट असे धरून बसले आहेत की जणू ते पळून जाणार आहे. अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर पूर्ण मिनिट मोजा. विश्रांतीत साठ ते शंभर हे नेहमीचे, गाढ झोपेत अनेकांचे त्याहूनही कमी. चिटणीस साहेबांचे शहाण्णव आले आहेत. चहाच्या बिलाचा विचार मनात असेल तर तेही स्वाभाविक आहे.

आकड्यापेक्षाही तीन गोष्टी लिहिण्यासारख्या आहेत. धडधड कळ दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबली, की चढत जाऊन उतरत गेली? ठोके सारख्या अंतराने पडत होते की नाही? आणि झोपल्यापासून किती वेळाने जाग आली? घाबरण्याने वाढलेली नाडी बहुधा नियमित असते आणि हळूहळू उतरते. एकदम दीडशेच्या वर जाऊन तशीच एकदम थांबणारी नियमित धडधड हृदयातील विजेच्या एखाद्या जादा वाटेमुळे असू शकते आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. मध्येच ठोका चुकून पुढचा जोरात आपटल्यासारखा वाटणे हे बहुतेक निरोगी माणसांतही घडते, आणि डाव्या कुशीवर झोपल्यास ते अधिकच जाणवते. झोपेतला पॅनिक अ‍ॅटॅक बहुधा पहिल्या काही तासांत, स्वप्नाविना येतो. दुःस्वप्ने पहाटेकडे अधिक पडतात आणि ती जाग आल्यावर आठवतात.

धारवाडला मनोविकारतज्ज्ञ असलेले माझे एक मित्र या वहीच्या विरोधात आहेत. त्यांचे म्हणणे असे की घाबरणाऱ्या माणसाच्या हातात नाडी देणे म्हणजे त्याला रात्रभर मनगट धरून बसायला शिकवणे होय, आणि आता मनगटी घड्याळेच ठोके दाखवू लागल्यापासून हा प्रकार वाढलेला आहे. आक्षेप खरा आहे. म्हणून नियम असा ठेवावा की शक्यतो दुसऱ्याने मोजावे, सुरुवातीला एकदा आणि पंधरा मिनिटांनी एकदा, आणि मग वही मिटावी. डॉक्टरांनी एकदा निदान निश्चित केले की वही बंदच करावी. आता धारवाडचे नाव निघताच सभागृहात जे हसू पिकले त्याविषयीही एक शब्द बोलतो. "ह्याला धारवाडला न्या" ही, तेथल्या मनोरुग्णालयावरून निघालेली, आपल्या भागातली थट्टा इतकी मुरलेली आहे की ज्याला खरोखर तेथे किंवा येथल्याच मनोविकारतज्ज्ञाकडे जाऊन बरे वाटले असते, तो हृदयाच्या तपासण्यांवर हजारो रुपये घालवतो, पण त्या दारात पाऊल ठेवत नाही. आपले गाव मराठा लाइट इन्फंट्रीचे गाव आहे, म्हणून सांगतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या सैनिकांमध्ये दा कोस्टा या डॉक्टरांना असेच रुग्ण भेटले, छातीत धडधड, दम लागणे, आणि तपासणीत हृदयाचा ठळक आजार नाही; त्यांनी 1871 साली ते लिहून ठेवले. ते भित्रे नव्हते, लढाई करून आलेले शिपाई होते. पॅनिकला मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणात स्वतंत्र आजाराचे स्थान मिळायला त्यानंतर 1980 साल उजाडावे लागले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि पत्रिकेवरचा विषय तर अजून पूर्ण उरला आहे. म्हणून भराभर सांगतो.

जाग आल्यावर प्रथम उठून बसावे आणि मंद दिवा लावावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाने सर्वांत आधी साखर तपासावी. ती 70 च्या खाली असेल, किंवा यंत्र नसेल आणि घाम व थरथर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. मात्र माणूस नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये.

छातीत दडपण येऊन ते हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, शुद्ध हरपली असेल, बसूनही दम ओसरत नसेल, एक बाजू लुळी पडली किंवा बोबडी वळली असेल, अथवा विश्रांतीतली नाडी दीडशेच्या वर टिकून राहिली असेल, तर वही-बिही बाजूला ठेवून 108 ला फोन करावा. धडधडीसोबत चक्कर येऊन पडणे किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले असणे, या दोन गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी त्यांना सांगाव्यात.

यातले काही नसेल आणि असा झटका पूर्वी तपासून घेतलेला असेल, तर श्वास सावकाश करावा: चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. खूप खोल श्वास ओढू नये. जलद आणि खोल श्वासानेच रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि त्या मुंग्या येतात. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय करू नये, कारण त्रास हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर तो घातक ठरतो. 'मी मरतो आहे' या विचाराने धडधड वाढते आणि वाढलेल्या धडधडीने तो विचार पक्का होतो. म्हणून हे चढले आहे तसे उतरेल, एवढेच स्वतःला सांगावे आणि ते जबरदस्तीने थांबवायला जाऊ नये. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर दुसऱ्या खोलीत जाऊन बसावे, मोबाईल उघडू नये.

दुसऱ्या दिवशी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासावे. घोरणे, गुदमरून जाग येणे आणि दिवसा पेंगणे असेल तर झोपेतील श्वासरोधाची तपासणी करावी. रात्री घेतलेली दारू उत्तररात्री झोप मोडते आणि नाडी वाढवते. नऊ वाजता घेतलेल्या चहातले निम्मे कॅफिन दोन वाजताही अंगात असू शकते. दम्याच्या पंपानेही धडधड होते, पण तो स्वतःहून बंद करू नये. पहाटे उठताच होणाऱ्या धडधडीत कॉर्टिसोल या संप्रेरकाचा वाटा असू शकतो, कारण जाग आल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वांतच वाढते.

निदान पॅनिकचे ठरले तर विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धत उत्तम काम देते. औषधेही आहेत, परंतु त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पहिले काही दिवस अस्वस्थता वाढूही शकते, हे आधी माहीत असले म्हणजे माणूस ती तिसऱ्या दिवशी फेकून देत नाही. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तर 14416 हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक विनामूल्य आहे.

शेवटचा मुद्दा अल्प्राझोलम या चिंता शमवणाऱ्या गोळीचा. चिठ्ठीविना मिळालेली ही गोळी आज ज्यांच्या उशाखाली आहे, त्यांनी ती माझे भाषण ऐकून आज रात्रीच एकदम बंद करू नये, कारण बरेच दिवस घेतलेली ही गोळी अचानक तोडल्यास धडधड दुप्पट होऊन परतते आणि क्वचित फिटही येते. ती डॉक्टरांना दाखवून, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत सोडायची असते. वेळ संपली आहे. ज्यांना प्रश्न असतील त्यांच्यासाठी मी बाहेर व्हरांड्यात थांबतो.