कासवाची गोचीड आणि तिने वाहून नेलेले सूक्ष्मजंतू

श्रोतेहो, गोचिडीमुळे होणाऱ्या रोगांचा विषय निघाला की आपल्यासमोर गुरे, कुत्री, फार तर माकडे येतात. जमिनीवर राहणारे कासव सहसा कोणाला आठवत नाही. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

मोरोक्कोपासून तुर्कस्तान, सीरिया आणि पुढे कॉकेशसपर्यंतच्या कोरड्या, झुडपी प्रदेशांत ग्रीक कासव आढळते, आणि त्याच्या अंगावर हायलोमा इजिप्टियम ही गोचीड. सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ मध्येच तिची नोंद केली होती. मांडीच्या व खांद्याच्या मुळाशी, कवचाखालच्या मऊ कातडीत ती सोंड रुतवून बसते, आणि कासवाला तिथे ना तोंड पोहोचवता येते, ना पाय. अळी, पिल्लू आणि प्रौढ अशा तिन्ही अवस्थांत ती एकेकदा रक्त पिऊन खाली उतरते आणि नवा प्राणी शोधते. प्रौढ गोचीड बहुतांशी कासवालाच धरून राहते. अळ्या आणि पिल्ले मात्र सरडे, पक्षी, लहान सस्तन प्राणी आणि प्रसंगी माणूस यांच्याही अंगावर चढतात. धोक्याची वाट उघडते ती इथे.

या गोचिडीत सापडणारे सगळेच जीव माणसाच्या दृष्टीने घातक नाहीत. हेमोलिव्हिया मॉरिटॅनिका हा कासवाच्या तांबड्या पेशींत राहणारा परजीवी तर चाव्यातून शिरतही नाही. कासवाने गोचीड गिळली की तो त्याच्या शरीरात जातो. तुर्कस्तानातील याच गोचिडींतून वेगळा करून २००४ मध्ये वर्णिलेला बोरेलिया टर्सिका हा जिवाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणाऱ्या लाइम रोगाच्या जिवाणूंचा नातलग असला, तरी त्याने माणसाला रोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही. जनावरांपासून माणसाला होणाऱ्या क्यू तापाच्या कॉक्सिएला जिवाणूची गोष्ट निराळी आहे; तो या गोचिडीत दीर्घकाळ टिकतो आणि तिच्या विष्ठेतूनही बाहेर पडतो.

सर्वाधिक चिंता क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाच्या विषाणूची. सीरियात अलेप्पोजवळच्या कासवांवरून काढलेल्या गोचिडींत या विषाणूची जनुकद्रव्ये आढळल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही इथे घाईने निष्कर्ष काढू नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. रक्ताने टम्म फुगलेल्या गोचिडीत विषाणूचा अंश मिळाला, तर तो नुकत्याच प्यायलेल्या रक्तातला असू शकतो, किंवा मागच्या अवस्थेत दुसऱ्याच प्राण्यापासून आलेला असू शकतो. ती गोचीड तो विषाणू पुढच्या प्राण्याला देऊ शकते, आणि कासवाच्या रक्तात तो पुरेसा वाढतो, या दोन गोष्टी प्रयोगांनी स्वतंत्रपणे दाखवाव्या लागतात. तुर्कस्तानातील साथीत मुख्य वाहक हायलोमा मार्जिनाटम ही तिची चुलत बहीण आहे. आपल्याकडे २०११ मध्ये गुजरातेत या रोगाचे निदान झाले ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, आणि तिथेही कासवाचा काही संबंध नव्हता.

कासव स्वतःहून फार दूर जात नाही. त्याला समुद्रापार नेतो तो व्यापार. आफ्रिकेतील हार्टवॉटर हा गुरे, मेंढ्या आणि शेळ्यांचा रोग एर्लिकिया रुमिनँटियम या जिवाणूमुळे होतो. त्यात हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठते आणि जनावरे दगावतात. पाळीव प्राणी म्हणून झांबियातून अमेरिकेतील फ्लोरिडात आणलेल्या बिबट्या कासवांवरच्या अँब्लिओमा स्पार्सम गोचिडींत या जिवाणूची खूण सापडली, आणि २००० मध्ये अमेरिकेने बिबट्या कासवासह तीन आफ्रिकी जातींची आयात थांबवली. तिथल्या स्थानिक अँब्लिओमा मॅक्युलाटम गोचिडीलाही हा जिवाणू वाहता येतो, हे प्रयोगशाळेत दिसलेले असल्यामुळे ही भीती अवाजवी नव्हती.

भारतातील स्टार कासवावरही अँब्लिओमा क्लिपिओलाटम ही गोचीड आढळते. २०१९ पासून या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापारी व्यवहार साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराने बंद केला आहे, तरीही चोरट्या मार्गाने ते बाहेर जातच असते. म्हणून वनविभागाने जप्त केलेले प्रत्येक कासव रानात सोडण्यापूर्वी त्याच्या पायांच्या मुळाशी नीट तपासावे, गोचिडी चिमट्याने काढून मद्यार्कात जपाव्यात आणि मूळ ठिकाण कळत असल्यास ते बाटलीवर लिहावे.